पेरोव्स्काइट सोलर सेल: २७ टक्क्यांपाशी गाडी का अडली आहे?

अगाशीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घराच्या अगाशीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवायचं आमच्याकडे जवळजवळ नक्की झालं होतं. सूर्यघर योजनेत ७८ हजारांची सबसिडी मिळते, कोटेशन हातात आहे, बायकोने पापड वाळत घालायची जागासुद्धा सोडून दिली. एवढ्यात मेहुण्यांनी पाचर मारली. म्हणाले, सिलिकॉन आता म्हातारं झालं, पेरोव्स्काइट (शिसं आणि आयोडीन असलेला नवा स्फटिकी पदार्थ) येतंय, थोडं थांबा.

म्हणून वाचायला बसलो आणि डोकं आणखी भणभणलं. २००९ मध्ये जपानात मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्स्काइट सेल केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. २०१२ मध्ये दहाच्या आसपास, आणि आता २६ च्या वर. मग एवढ्या धडाक्यात चढलेली वस्तू आता दशांश टक्क्यांसाठी का झगडतेय? नेमकं काय आडवं येतंय? आणि एवढं चांगलं आहे तर दुकानात का नाही?

जाणकारांनी सांगावं. फिजिक्स बारावीपर्यंतचं, तेही काठावर पास. लिंका टाकून पळू नये ही विनंती.

---

सूरसागर_काठी

मेहुण्यांना सांगा, उत्तरायणाच्या आत बसवलं नाही तर अगाशीवर पतंगवाल्यांचा कब्जा होईल आणि मग मार्चपर्यंत कोणी वर चढणार नाही.

बाकी धागा वाचतोय. पॉपकॉर्नऐवजी सेव-उसळ घेऊन बसलोय.

---

कलाभवनी

मी याच विषयात संशोधन करते, तेव्हा थोडं लांबण लावणार आहे.

पहिली गोष्ट, १०० टक्के कधीच मिळणार नाहीत आणि तो कोणाचा दोष नाही. शॉकली आणि क्वाइसर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच हिशेबाची पद्धत मांडून ठेवली आहे. तिच्या आजच्या आकडेमोडीनुसार एकाच थराचा सेल असेल तर फार फार तर ३३.७ टक्के, तेही पदार्थाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा) १.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर. बँड गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश आरपार निघून जातो, जास्त ऊर्जेच्या प्रकाशातली वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. सध्या विक्रम करणाऱ्या पेरोव्स्काइटचा बँड गॅप साधारण १.५३ च्या आसपास आहे. त्यामुळे त्याची स्वतःची कमाल मर्यादा साडेएकतीसच्या जवळ येते. म्हणजे स्पर्धा ३३ शी नाही, ३१.५ शी आहे.

आता या ३१.५ मधले पाच टक्के कुठे गळतात ते पाहू. कार्यक्षमता म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: व्होल्टेज, करंट आणि फिल फॅक्टर (कमाल व्होल्टेज गुणिले कमाल करंट यातला प्रत्यक्ष हाती येणारा हिस्सा). आदर्श सेलमध्ये हे आकडे सुमारे १.२५ व्होल्ट, दर चौरस सेंटिमीटरला २८ मिलिअँपिअर आणि ९० टक्के असे यायला हवेत. सर्वोत्तम सेलमध्ये येतात साधारण १.१९, २६ आणि ८५-८६. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर फक्त पाच-सात टक्क्यांनी कमी आहे, पण तिघांचा गुणाकार केला की ३१.५ चे २६.५ होतात. कोणी एक खलनायक नाही. म्हणूनच एक दुरुस्ती केली की बातमी येते आणि आकडा मात्र ०.२ ने सरकतो.

करंटचं दुखणं त्यातल्या त्यात साधं आहे. वरची काच थोडा प्रकाश परतवते, तिच्यावरचा पारदर्शक वाहक थर थोडा खातो, मधला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थरही थोडा गिळतो. पेरोव्स्काइट स्वतः प्रकाश शोषण्यात इतका पटाईत आहे की अर्ध्या मायक्रॉनचा थर पुरतो. सिलिकॉनला शंभर-दीडशे मायक्रॉन लागतात.

खरी गंमत व्होल्टेजमध्ये आहे. ते जेवणानंतर लिहिते.

---

अगाशीवाला

वाट बघतो. पण व्होल्टेज "जातं" म्हणजे नक्की कुठे जातं? वायर तापते तसं?

---

कलाभवनी

नाही, वायरपर्यंत पोचायच्या आधीच जातं.

प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि मागे होल, म्हणजे त्याची रिकामी जागा, राहतं. दोघांनी विरुद्ध दिशांना जाऊन आपापल्या टोकाला बाहेर पडायचं असतं. वाटेत ते पुन्हा भेटले तर दोन शक्यता. एक, भेटताना प्रकाशाचा कण बाहेर टाकतील. हे अटळ आहे आणि शॉकली-क्वाइसरच्या हिशेबात ते धरलेलं आहे. दुसरी, स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकून, प्रकाश न देता, नुसती उष्णता देऊन संपतील. ही निव्वळ नासाडी. म्हणून आमच्यात सेलची पहिली परीक्षा घेताना त्याच्यावर प्रकाश टाकून तो स्वतः किती चमकतो ते मोजतात. चांगला सोलर सेल हा चांगला एलईडीही असावा लागतो.

याचा हिशेब फार सुंदर आहे: चमक दहापटीने घटली की सुमारे ६० मिलिव्होल्ट गेले. शंभरातल्या दहाच भेटी प्रकाश देत असतील तर ६० मिलिव्होल्टचं नुकसान, एकच देत असेल तर १२०. वर मी १.२५ आणि १.१९ लिहिलं, त्यातले ६० मिलिव्होल्ट हेच.

आता दोष असतात कुठे? पेरोव्स्काइटच्या पोटात फारसे नाहीत. म्हणजे असतात, पण बहुतेक निरुपद्रवी असतात, त्यांची ऊर्जापातळी बँड गॅपच्या मध्यभागी येत नाही, त्यामुळे ते इलेक्ट्रॉनला कायमचं अडकवत नाहीत. बाटलीतल्या द्रावणातून शंभर अंशांवर केलेला थर एवढा चांगला चालतो तो यामुळेच. सिलिकॉनमध्ये असला गबाळा कारभार केला असता तर काहीच हाती लागलं नसतं.

त्रास होतो तो कडांवर. थराचा वरचा पृष्ठभाग, खालचा पृष्ठभाग, कणाकणांमधल्या सीमा. तिथे आयोडीन निसटलेलं असतं आणि शिशाचे अणू अर्धवट उघडे पडलेले असतात. शिवाय पेरोव्स्काइटला लागून जे थर येतात, उदाहरणार्थ सी-साठ म्हणजे फुलरीन (साठ कार्बन अणूंचा गोल रेणू), त्यांच्या नुसत्या स्पर्शानेच चमक मंदावते. नुसता काचेवरचा थर मोजला तर झकास, त्यावर संपर्काचे थर चढवले की व्होल्टेज खाली. गेली काही वर्षं सगळी धडपड या दोन-तीन नॅनोमीटरच्या जागेत चालली आहे: वर अमोनियमच्या क्षारांचं पातळ अस्तर द्या, खाली एकाच रेणूच्या जाडीचा स्वतःहून रचला जाणारा थर द्या. २५ वरून २६-२७ पर्यंतची मजल बऱ्याच अंशी या अस्तरांच्या जिवावर मारली आहे.

---

रसायनवाल्या_बाई

छान लिहिलंय. एक शंका. शाळेत मुलांना स्फटिक शिकवताना आम्ही सांगतो की हळू वाढू दिला की मोठा आणि शुद्ध स्फटिक मिळतो. तुम्ही तर म्हणता थर भराभर करतात. मग कणांच्या सीमा जास्त होणारच ना?

---

कलाभवनी

बाई, पातळ थराचं गणित वेगळं आहे. हळू वाढू दिलं तर कण मोठे होतात, पण मध्ये मोकळी भोकं राहतात आणि त्या भोकांतून वरचा थर खालच्या थराला थेट चिकटतो. मग शॉर्ट. फिल फॅक्टर कोसळतो.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगते. नायट्रोजनच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून, काचेच्या तुकड्यावर पिवळसर द्रावणाचे थेंब सोडायचे आणि काच मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायची. फिरता फिरता, ठरलेल्या सेकंदाला, मधोमध क्लोरोबेन्झिन ओतायचं. ते द्रावक खेचून घेतं आणि सगळीकडे एकाच वेळी बीजं धरतात. पाकाची एकतारी साधण्याचाच प्रकार, क्षण हुकला की गेलं. मग काच तापल्या तव्यावर ठेवली की पाहता पाहता रंग तपकिरी होत होत आरशासारखा काळा. मध्ये दुधी डाग दिसला तर पुढचं काही करायचीही गरज नसते, तो तुकडा बाजूला.

आता हेच तुम्हाला दोन मीटर लांब काचेवर करायचंय. गरगर फिरवणार कशी?

---

निवृत्त_अभियंता_फतेगंज

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मी आयुष्यभर मोठ्या प्लँटमध्ये काढलं, म्हणून प्रयोगशाळेचा आकडा दिसला की आधी विचारतो: क्षेत्रफळ किती? हे विक्रम बहुतेक करून एक चौरस सेंटिमीटरच्याही आतल्या सेलवर होतात. म्हणजे नखाएवढ्या तुकड्यावर २७ आणि मॉड्यूल, म्हणजे पूर्ण पॅनेल, करायला घेतलं की लगेच घसरण. याची कारणं लिहा, नुसती केमिस्ट्री नको.

दुसरं, एकाच सेलचा आकडा व्होल्टेज वर नेताना एक आणि खाली आणताना दुसरा, हे प्रकरण ऐकून आहे. मीटर एकच, सेल एकच, मग खरा आकडा कोणता?

---

कलाभवनी

काका, दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

मोठं केल्यावर घसरण का? पारदर्शक वाहक थराचा विरोध धातूच्या मानाने फार असतो. सेल रुंद केला की करंटला त्या थरातून लांब चालावं लागतं आणि फिल फॅक्टर पडतो. म्हणून मॉड्यूलमध्ये लेझरने थर कापून अरुंद पट्ट्या करतात आणि त्या एकमेकींना मालिकेत जोडतात. प्रत्येक जोडापाशी तीन चिरा असतात, आणि त्या चिरांमधली जागा वीज देत नाही. शिवाय पट्ट्या मालिकेत असल्याने सगळ्यांत कच्ची पट्टी सगळ्यांचा करंट ठरवते. एका ठिकाणी थर पातळ आला, धुळीचा कण बसला, की सगळी ओळ भोगते. आणि फिरवण्याच्या जागी लांब फटीतून द्रावण पसरवण्याची पद्धत किंवा निर्वात वाफेची पद्धत वापरावी लागते, तिथे ते क्लोरोबेन्झिनचं नाजूक वेळापत्रक सगळं नव्याने बसवावं लागतं.

दोन आकड्यांचं कारण म्हणजे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. पेरोव्स्काइटमध्ये नुसते इलेक्ट्रॉन फिरत नाहीत, आयोडाइडचे आयनसुद्धा सरकतात, अगदी सावकाश. तुम्ही व्होल्टेज बदलता तसे ते एका टोकाला जाऊन साचतात आणि आतलं विद्युत क्षेत्रच बदलून टाकतात. वरून खाली मोजलं तर बहुधा जास्त भरतं. सुरुवातीच्या काळात काहींनी नेमका तोच आकडा छापला, त्यावरून बराच गदारोळ झाला. आता सेल कमाल शक्तीच्या बिंदूवर धरून, स्थिर झालेला आकडा मागतात. प्रमाणित विक्रमांच्या यादीतही हा आग्रह धरतात आणि माझ्या मते तो आणखी कडक हवा.

---

सूरसागर_काठी

म्हणजे आत अणूंचीसुद्धा बदली होते. सरकारी खातं दिसतंय.

---

पॅनेल_बसवतो

मी धंद्यातला माणूस. बडोद्यात अगाशीवर पॅनेल बसवतो, सगळं सिलिकॉन. थिअरीत पडत नाही, अगाशीवर काय होतं ते बोलतो.

मे महिन्यात दुपारी पॅनेलच्या मागे हात लावून बघा, चटका बसतो. ६०-६५ अंश सहज. लेबलवरचा आकडा मात्र २५ अंशांचा असतो. त्यात दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर कमी. म्हणजे चाळीस अंश वर गेलात की बारा ते सोळा टक्के उडाले. ग्राहक मेमध्ये फोन करतो, ऊन एवढं आणि युनिट कमी का? आता समजावत बसा.

दुसरं सावली. पाण्याची टाकी, शेजारचा लिंब, डिशची छत्री. सकाळी नऊपर्यंत अर्ध्या पॅनेलवर सावली असलेली घरं दांडिया बाजारात ढिगाने आहेत. पेरोव्स्काइटला हे चालेल का? ते सांगा, मग मेहुण्यांचं बघू.

---

कलाभवनी

दादा, तुमचे दोन प्रश्न म्हणजे पेरोव्स्काइटची एक जमेची बाजू आणि एक दुखरी नस.

उष्णतेने पॉवर घटण्याचं प्रमाण पेरोव्स्काइटमध्ये सिलिकॉनच्या निम्मं किंवा त्याहून कमी असतं, साधारण ०.१ ते ०.२. तेव्हा त्या क्षणाला मे महिन्याच्या दुपारी तो जास्त तग धरतो. बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॉटच्या सोलरचं २०१५ मध्ये उद्घाटन झालं, त्यात बाष्पीभवन थांबण्याबरोबर खालच्या पाण्याने पॅनेल थोडं थंड राहतं हाही फायदा सांगितला जातो. पेरोव्स्काइटला त्या फायद्याची गरज कमी पडेल.

पण तो तापमानाने तात्पुरता फारसा घटत नसला तरी कायमचा बिघडू शकतो. जुना लाडका पदार्थ, मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड, ८५ अंशांना तासन्‌तास ठेवला की त्यातला सेंद्रिय भाग वाफ होऊन निघून जातो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. शिवाय ५५ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकाची ठेवणच बदलते, म्हणजे अगाशीवर रोज एकदा जाताना आणि एकदा येताना. म्हणून बहुतेकांनी मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम या दुसऱ्या सेंद्रिय भागाची वाट धरली. त्याचा बँड गॅप १.४८ च्या आसपास, म्हणजे आदर्शाच्या आणखी जवळ. पण त्याची खोड अशी की साध्या तापमानाला त्याला काळ्या रूपात राहायचंच नसतं, पिवळ्या निरुपयोगी रूपात जायचं असतं. त्याला काळं ठेवण्यासाठी सीझियम, थोडं ब्रोमाइड वगैरे मिसळावं लागतं. मिसळलं की बँड गॅप वाढतो आणि कमाल मर्यादा खाली येते. स्थैर्य आणि कार्यक्षमता यांची ओढाताण ही अशी आहे.

सावलीचं उत्तर आणखी वाईट. सावलीतल्या सेलवर बाकीचे सेल उलटं व्होल्टेज लादतात. सिलिकॉन सेल असे दहा-बारा व्होल्ट सोसतो, शिवाय सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारा बायपास डायोड असतो. नेहमीच्या रचनेतले पेरोव्स्काइट सेल एक ते चार व्होल्टमध्येच बिघडायला लागतात, कारण उलट्या दाबाखाली तेच आयन धावाधाव करतात. लिंबाची सावली, टाकी, कबूतर, काहीही चालतं त्याला मारायला. यावर काम चालू आहे, पण तुमच्या दांडिया बाजारातल्या अगाश्यांवर मी आज तरी तो लावणार नाही.

---

रसायनवाल्या_बाई

आणि आपला पावसाळा? जुलैत मीठ डब्यात ओलं होतं इथे.

---

कलाभवनी

पाणी लागलं की मिथाइलअमोनियमवाला थर कडेकडेने पिवळा पडत जातो, डोळ्यांनी दिसतं. शिवाय होल वाहून नेणाऱ्या स्पायरो-ओमेटॅड या प्रसिद्ध थरात वाहकता वाढवायला लिथियमचा क्षार घालतात आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे ज्याने फिल फॅक्टर वाढवला त्यानेच घरात ओल आणली. आता थरांचा क्रम उलटा केलेल्या रचनेत त्याला फाटा देता येतो, आणि दोन काचांमध्ये कडा नीट बंद केल्या तर ओल रोखता येते. बाजारात यायचं तर ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास काढायची परीक्षा आहे. अलीकडे काही जण ती पार करतात. पण ऊन, उष्णता आणि चालू व्होल्टेज तिन्ही एकदम, रोज दिवसा चालू आणि रात्री बंद, ही खरी कसोटी. गंमत म्हणजे दिवसा घसरलेला सेल रात्री काही प्रमाणात सावरतो, त्यामुळे नुसत्या अखंड प्रकाशातल्या चाचणीवरून अगाशीवरचं आयुष्य काढणं अवघड जातं.

---

निवृत्त_अभियंता_फतेगंज

शिसं राहिलं. पॅनेल फुटलं, पाऊस पडला, शिसं विश्वामित्री नदीत. मगरींचं काय?

---

कलाभवनी

अर्धा मायक्रॉन थर धरला तर चौरस मीटरला एक ग्रॅमच्या आत शिसं बसतं. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत कितीतरी किलो असतं. तरी मी हा मुद्दा हसण्यावारी नेणार नाही, कारण बॅटरीतलं शिसं गोळा करून भंगारात विकलं जातं आणि हे पाण्यात थोडं विरघळतं. शिशाऐवजी कथील वापरलं तर कार्यक्षमता पंधरा-सोळाच्या आसपासच अडते, कारण कथील हवेत पटकन पुढच्या अवस्थेत ऑक्सिडाइझ होतं आणि थरात नको तेवढी होल्स भरतात.

---

अगाशीवाला

बरंच डोक्यात शिरलं. पण मग ३४ टक्क्यांच्या बातम्या कुठून येतात? तुम्ही तर मर्यादा ३१.५ म्हणालात.

---

कलाभवनी

ते टँडेम. खाली सिलिकॉन, वर पेरोव्स्काइट. निळा-हिरवा भाग वरचा घेतो, तांबडा आणि अवरक्त खालचा. दोन थर झाले की एका थराची मर्यादा लागू होत नाही, कमाल ४५ च्या आसपास जाते. चीनच्या लोंगीने २०२३ मध्ये ३३.९ आणि २०२४ मध्ये ३४.६ टक्के प्रमाणित करून घेतले, अर्थात छोट्या सेलवर. ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये टँडेम मॉड्यूल अमेरिकेतल्या ग्राहकाला रवाना केले, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के. छोट्या सेलचे ३४ आणि पूर्ण मॉड्यूलचे २४.५, या फरकात काकांचा क्षेत्रफळाचा सगळा मुद्दा आला. आपल्याकडे आयआयटी मुंबईतही टँडेमवर काम चालू आहे.

टँडेममध्ये वरच्या थराचा बँड गॅप १.६८ च्या आसपास लागतो, त्यासाठी आयोडाइडमध्ये बरंच ब्रोमाइड घालतात. मग नवा त्रास: प्रकाशात ठेवलं की आयोडाइड एकीकडे आणि ब्रोमाइड दुसरीकडे असे गट पडतात. इलेक्ट्रॉन आयोडाइडवाल्या खड्ड्यांत जाऊन पडतात आणि व्होल्टेज घसरतं. अंधारात ठेवलं की पुन्हा एकजीव. २०१५ मध्ये होक आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं, तेव्हापासून त्याला होक परिणामच म्हणतात. माझा सध्याचा बहुतेक वेळ याच भांडणात जातो.

---

पॅनेल_बसवतो

मग अगाशीवालेभाई, हिशेब सरळ आहे. तुमचं तीन किलोवॉट सिलिकॉनवर उद्या बसतं, २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी मिळते. बाजारात आज २१-२३ टक्क्यांचे पॅनेल आहेत. पेरोव्स्काइट तीन टक्के जास्त देईल तेव्हा देईल, पण तुमच्या अगाशीला जागेची टंचाई आहे का?

---

अगाशीवाला

जागा पुष्कळ आहे. लिंब मात्र आहे पश्चिमेला.

---

पॅनेल_बसवतो

मग ओळ पूर्वेला सरकवा आणि लिंब तोडू नका. दुपारी चारनंतरचं ऊन सोडून द्या.

---

निवृत्त_अभियंता_फतेगंज

कलाभवनीताई, एक शेवटचं. उद्या कोणी पेरोव्स्काइटचं कोटेशन घेऊन दारात आलाच, तर कागदावर काय शोधायचं?

---

कलाभवनी

कार्यक्षमता सेलची की पूर्ण मॉड्यूलची. क्षेत्रफळ किती. आकडा स्थिर झालेला की व्होल्टेज एकदाच वर-खाली नेऊन मोजलेला. ८५-८५ च्या परीक्षेनंतर किती टक्के उरली. सावलीत, म्हणजे उलट्या व्होल्टेजखाली, चाचणी केली का. आणि वॉरंटी कोण देतंय, कारण पंचवीस वर्षं चाललेलं पेरोव्स्काइट पॅनेल अजून जगात कुठेच नाही, पहिला सेलच २००९ चा.

---

सूरसागर_काठी

मेहुण्यांना धागा पाठवला का?

---

अगाशीवाला

पाठवला. म्हणतात, "टँडेमसाठी थांबू."